लिनक्सशी परिचय : महाविद्यालयीन अध्यापक, मुक्त कार्यप्रणाली आणि मराठी मजकुराचा प्रश्न

बीजशब्द : मुक्त आज्ञावली, लिनक्स, वितरण, युनिकोड, इन्स्क्रिप्ट, टर्मिनल, लिबरऑफिस

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुसंख्य प्राध्यापकांची संगणकाशी ओळख २००१ नंतरच्या दशकात झाली. एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम, महाविद्यालयाला मिळालेल्या अनुदानातून उभा राहिलेला संगणक कक्ष आणि घरी घेतलेला पहिला संगणक या तिन्ही ठिकाणी विंडोज ही एकच कार्यप्रणाली होती. त्यामुळे 'संगणक शिकणे' आणि 'विंडोज वापरणे' या दोन गोष्टी एकच आहेत अशी धारणा नकळत रुजली. कार्यप्रणाली हा निवडीचा विषय असू शकतो हे अनेकांच्या लक्षातच आले नाही.

ही निवड आता टाळता येण्याजोगी राहिलेली नाही. विंडोज ७ चा सुरक्षा-आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय ठेवण्यात आली असली तरी ती मर्यादित काळापुरतीच आहे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर अपेक्षित आहे. महाविद्यालयांच्या संगणक कक्षांतील आणि विभागांतील कितीतरी यंत्रे या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा, कळफलक, चकती सर्व ठीक आहे; केवळ कार्यप्रणालीचा आधार संपला म्हणून ते भंगारात काढावयाचे काय, हा प्रश्न प्राचार्यांपासून प्रयोगशाळा सहायकापर्यंत सर्वांपुढे आहे. अशा यंत्रांवर लिनक्स वर्षानुवर्षे चालू शकते. प्रस्तुत लेखात ही कार्यप्रणाली शिकू इच्छिणाऱ्या, परंतु संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या अध्यापकाच्या दृष्टीने तिचे स्वरूप, शिकण्याचा क्रम आणि विशेषतः मराठीत लेखन करणाऱ्याला येणाऱ्या अडचणी यांचा विचार केला आहे.

'मोफत' आणि 'मुक्त'

इंग्रजीत ज्या एका शब्दाने विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ सूचित होतात, त्यासाठी मराठीत सुदैवाने दोन निराळे शब्द आहेत. लिनक्स मोफत मिळते हे खरे. पण ती मुक्त आहे हे अधिक महत्त्वाचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न किमतीचा नव्हता; आज्ञावलीची मूळ संहिता वापरकर्त्याला पाहता आणि बदलता यावी की नाही, हा होता. त्यांनी मांडलेल्या विचारानुसार आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालविणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे या चार मुभा वापरकर्त्यास असावयास हव्यात. १९८९ साली आलेल्या 'ग्नू जनरल पब्लिक लायसन्स'ने या मुभांना कायदेशीर रूप दिले. त्यातील मेख अशी की, ज्याला ही मुभा मिळाली त्याने पुढे वाटलेल्या प्रतीतही ती कायम ठेवली पाहिजे.

अध्यापकवर्गाला हा विचार परका वाटू नये. शोधनिबंध प्रसिद्ध करताना पद्धती आणि आधारसामग्री खुली ठेवण्याची जी अपेक्षा असते, तिच्याशी याचे नाते आहे. उलट, एकाच परवान्याची आज्ञावली वीस यंत्रांवर चढविण्याची जी 'पद्धत' अनेक ठिकाणी रूढ होती, तिचे समर्थन नैतिक आणि कायदेशीर अशा दोन्ही अंगांनी करता येत नाही. लिनक्समध्ये एकच पेन ड्राइव्ह साठ यंत्रांना लावणे हे परवान्याचे उल्लंघन नसून परवान्यालाच अपेक्षित असलेले वर्तन आहे.

गाभा, वितरण आणि डेस्कटॉप

नवशिक्याचा पहिला गोंधळ नावांचा असतो. लिनक्स, उबुंटू, मिंट, डेबियन, ग्नोम ही नावे एकाच श्वासात घेतली जातात, पण ती एकाच पातळीवरील वस्तूंची नाहीत. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिहावयास घेतला तो केवळ कार्यप्रणालीचा गाभा होय. प्रोसेसर, स्मृती, चकती आणि जोडलेली उपकरणे यांचे नियमन करणे एवढेच त्याचे काम. हा गाभा १९९२ मध्ये जनरल पब्लिक लायसन्सखाली आला आणि ग्नू प्रकल्पात आधीच तयार झालेल्या साधनांशी त्याची जोड घातली गेली. म्हणूनच काही जण आग्रहाने 'ग्नू/लिनक्स' असे संबोधतात. हा आग्रह तात्त्विकदृष्ट्या रास्त आहे. मात्र रोजच्या बोलण्यात 'लिनक्स' हेच नाव रुळले असल्याने येथेही तेच वापरले आहे.

गाभा, साधने, चित्रमय पडदा आणि उपयुक्त आज्ञावली एकत्र बांधून वापरण्यायोग्य संच तयार केला जातो, त्यास वितरण म्हणतात. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे जुन्या वितरणांपैकी एक. त्याच्या पायावर ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आले आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट. भारतात सी-डॅकने 'बॉस' हे वितरण २००७ मध्ये प्रसृत केले. तेही डेबियनवरच आधारलेले आहे. ही वंशावळ लक्षात ठेवण्याचा एक व्यावहारिक लाभ असा की, एका वितरणासाठी सांगितलेला उपाय त्याच कुळातील दुसऱ्या वितरणाला बहुधा लागू पडतो.

डोळ्यांना दिसणारा पडदा, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्या, हे निराळेच अंग आहे. १९९६ मध्ये सुरू झालेला केडीई, १९९७ मध्ये सुरू झालेला ग्नोम, तसेच एक्सएफसीई, सिनॅमन असे अनेक डेस्कटॉप उपलब्ध आहेत. एकाच वितरणावर डेस्कटॉप बदलता येतो. विंडोजच्या सवयीतून येणाऱ्या अध्यापकाने मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी, कारण तिचा मेनू डावीकडे खाली असतो आणि हात आपोआप तेथे जातो. चार गिगाबाइट वा त्याहून कमी स्मृती असलेल्या जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई आवृत्ती अधिक योग्य. मात्र फारच जुन्या, ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांविषयी आशा मर्यादित ठेवावी. उबुंटूने त्यांच्यासाठी संच देणे केव्हाच थांबविले आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ पासून डेबियननेही त्यांच्यासाठी स्वतंत्र स्थापना-संच देणे बंद केले.

येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. लिनक्स 'अवघड' आहे असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालत आला आहे.

स्थापनेपूर्वी

लिनक्सचे वैशिष्ट्य असे की, चकतीवर काहीही न लिहिता ती चालवून पाहता येते. वितरणाची प्रतिमा-फाईल उतरवून घ्यावी, संकेतस्थळावर दिलेल्या पडताळणी-संख्येशी ती जुळते का ते पाहावे आणि रुफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर यात पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे. संगणक सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी यंत्रानुसार असलेली कळ दाबल्यास पेन ड्राइव्हवरून सुरुवात करण्याचा पर्याय मिळतो. काही मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. तो थोडा संथ असतो, कारण सर्व काही पेन ड्राइव्हवरून वाचले जात असते. या संथपणावरून लिनक्सविषयी मत बनवू नये.

या तात्पुरत्या अवस्थेतच परीक्षा घ्यावी. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, वर्गातील प्रोजेक्टरवर चित्र उमटते का आणि विभागातील प्रिंटर ओळखला जातो का, या चार गोष्टी पाहिल्या म्हणजे पुढील बहुतेक मनस्ताप टळतो. प्रिंटरचा प्रश्न विशेष जपून हाताळावा. अलीकडची यंत्रे स्वतंत्र चालक-आज्ञावलीशिवाय चालतात, परंतु कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या काही जुन्या लेझर प्रिंटरांची चालक-आज्ञावली लिनक्ससाठी अपुरी आहे. असा प्रिंटर असल्यास छपाईसाठी एक यंत्र विंडोजवर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

विंडोज ठेवूनच शेजारी लिनक्स बसविता येते. त्याआधी तीन गोष्टी अनिवार्य आहेत. सर्व कामाची प्रत बाह्य चकतीवर घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी, कारण विभागणी बदलल्यावर यंत्र ती मागू शकते आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाईलींना मुकावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, चकतीचा भाग अर्धवट उघडाच राहतो आणि लिनक्समधून तेथील फाईली वाचता आल्या तरी त्यांत लिहिता येत नाही. 'लिनक्सने माझ्या फाईली कुलूपबंद केल्या' ही तक्रार अनेकदा याच कारणाने उद्भवते.

सवयींचे स्थलांतर

विंडोजमध्ये सी, डी अशी अक्षरे धारण करणारे कप्पे असतात. लिनक्समध्ये एकच मूळ असते, ते तिरक्या रेघेने दर्शविले जाते आणि इतर सर्व फोल्डर त्या मुळाच्या फांद्या होत. वापरकर्त्याचे घर 'होम' या फोल्डरमध्ये असते आणि पेन ड्राइव्ह लावला की तोही याच झाडाची एक फांदी म्हणून दिसतो. फाईलच्या नावातील लहान आणि मोठी रोमन अक्षरे येथे भिन्न मानली जातात, त्यामुळे नावात केवळ पहिल्या अक्षराचा फरक असलेल्या दोन फाईली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदू शकतात. शिकणाऱ्याला हे प्रथम विचित्र वाटते.

खरा बदल अधिकारांच्या कल्पनेत आहे. प्रत्येक फाईलला एक मालक, एक गट आणि उरलेले सर्व अशा तीन पातळ्यांवर वाचणे, लिहिणे आणि चालविणे यांची परवानगी ठरलेली असते. सामान्य वापरकर्ता आपल्या घराबाहेर काही बदलू शकत नाही. तसे करावयाचे असल्यास संकेतशब्द देऊन तेवढ्यापुरता प्रशासकाचा अधिकार घ्यावा लागतो. काही वितरणांत टर्मिनलमध्ये हा संकेतशब्द टंकताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कळफलक बिघडला, असे समजून अनेक जण येथे थांबतात. साठ विद्यार्थी दिवसभर हाताळणाऱ्या संगणक कक्षात या व्यवस्थेचे मोल कळते. विद्यार्थ्याचा पेन ड्राइव्ह काहीही घेऊन आला तरी प्रणालीच्या फाईली सहजासहजी त्याच्या आवाक्यात येत नाहीत.

नवी आज्ञावली मिळविण्याची रीतही वेगळी आहे. अनोळखी संकेतस्थळावरून फाईल उतरवून ती चालविण्याऐवजी वितरणाच्या अधिकृत भांडारातून ती मागविली जाते. कार्यप्रणालीसह सर्व आज्ञावलींचे अद्ययावतीकरण एकाच ठिकाणाहून होते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी उबुंटूची दीर्घ-आधार आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. अध्यापनासाठीच्या यंत्रावर हीच, किंवा तिच्यावर आधारलेली मिंटची आवृत्ती असावी. मधल्या, नऊ महिन्यांच्या आवृत्त्यांचा मोह टाळणे बरे.

मराठी मजकुराचा प्रश्न

लिनक्सकडे वळलेल्या मराठीच्या, इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो स्वतःच्याच जुन्या लेखनामुळे. पंधरा वर्षांची टिपणे, प्रश्नपत्रिका, कदाचित एम. फिल.चा प्रबंध, हे सर्व नव्या प्रणालीत उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रास दिसते. लिनक्सने मराठी बिघडविली असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः लिनक्सने केवळ त्या फाईलमध्ये जे आहे तेच दाखविलेले असते.

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांची रचना पाहिली म्हणजे हे उलगडते. संगणक अक्षरे साठवीत नाही, क्रमांक साठवितो. त्या फॉन्टांत देवनागरीसाठी स्वतंत्र क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर मराठी आकार बसविलेले होते. म्हणजे फाईलमध्ये नोंद रोमन अक्षराची आणि डोळ्यांना दिसे तो एखादा देवनागरी तुकडा. तो फॉन्ट आहे तोवर मजकूर मराठी दिसे. फॉन्ट हरवला की भाषाच हरवे. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी होती, त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्येही वाचता येत नसे. अशा मजकुरात शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे किंवा तो महाजालावरील शोधात सापडणे या गोष्टी शक्य नव्हत्या, कारण यंत्राच्या लेखी तेथे मराठी नव्हतीच.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून स्वतंत्र क्रमांक आहेत. क्रमांक अक्षराचा, आकार फॉन्टचा, असे त्यात कामाचे विभाजन आहे. त्यामुळे युनिकोडमधील मजकूर विंडोज, लिनक्स व भ्रमणध्वनी या सर्वांवर एकच राहतो. लिनक्सवर त्यासाठी मुक्त परवान्याचे लोहित, नोटो आणि मुंबईच्या एक टाइपने घडविलेला मुक्त यांसारखे टंक मिळतात.

जुना मजकूर दिसावा एवढीच अपेक्षा असेल तर मूळ फॉन्ट नव्या प्रणालीत बसविल्यास तो बहुधा दिसू लागतो. मात्र त्या फॉन्टचा परवाना तशी अनुमती देतो का, हे पाहणे आवश्यक आहे. टिकाऊ उपाय म्हणजे रूपांतर. त्या त्या फॉन्टसाठी बनविलेली रूपांतरके मिळतात, पण त्यांच्या हाती मजकूर सोपवून निश्चिंत होता येत नाही. जुन्या फॉन्टांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि' हे अक्षर जुन्या पद्धतीत आधी वेलांटी आणि मग क असे असते; युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. 'अर्थ' या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत थ नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त थ च्या आधी. रूपांतरकाला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षरांत, विशेषतः 'र्त्या', 'स्थि' अशा ठिकाणी, ते चुकू शकते. मजकुरातील इंग्रजी शब्द हा दुसरा धोका. तेही रोमन क्रमांकांतच असल्याने रूपांतरकाला ते मराठीच वाटतात आणि त्यांचीही देवनागरी खिचडी होते. अंकांचेही तसेच; अनेक फॉन्टांत रोमन अंकांच्या जागी देवनागरी अंकांचे आकार होते, म्हणून रूपांतरानंतर सनावळ्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. मूळ फाईल कधीही पुसू नये. ज्या लेखनाची केवळ छापील प्रत उरली आहे, त्यासाठी टेसरॅक्ट ही मुक्त अक्षरओळख आज्ञावली मराठीसह वापरता येते. छपाई स्वच्छ असेल तर तिचे काम समाधानकारक असते.

नव्या लेखनासाठी कळफलकाची निवड करावी लागते. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेली मांडणी लिनक्समध्ये मुळातच असते. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ अशा जोड्या एकाच कळीवर असून दुसरे अक्षर शिफ्टसह येते. वर्णमालेची रचना ज्याच्या मनात पक्की आहे अशा अध्यापकाला ती थोड्याच दिवसांत हाताला बसते. 'के' दाबून क मिळविण्याची सवय असलेल्यांसाठी उच्चारानुसारी मांडण्याही आहेत आणि त्या आयबस या साधनातून निवडता येतात. घाई असेल तर उच्चारानुसारी मांडणी बरी. पुढील वीस वर्षे लिहावयाचे असेल तर इन्स्क्रिप्टवर आठवडे खर्च करणे फायद्याचे, कारण ही मांडणी प्रत्येक प्रणालीत असते.

मराठीचे खास वळण आहे ते ऱ्य आणि ऱ्ह यांचे. 'आचाऱ्यांना बोलावले' आणि 'आचार्यांना बोलावले' या वाक्यांत महाविद्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेपुरता तरी मोठा फरक आहे. इन्स्क्रिप्टमध्ये हा अर्धा र मिळविण्यासाठी शिफ्टसह र, म्हणजे नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त आणि मग य अशा कळी दाबाव्या लागतात. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तोच आकार उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण यंत्राच्या लेखी भिन्न. परिणामी एका पद्धतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. विभागातील सर्वांनी एकच पद्धत ठरविली तर संयुक्त लेखनात आणि शब्दसूचीत ही अडचण येणार नाही. ल आणि श यांच्या आकारांविषयीही काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या मराठी वर्णमालेत या अक्षरांचे मराठी वळण मान्य केलेले आहे, तर अनेक टंकांत हिंदी वळण आधी येते. ज्या टंकात दोन्ही वळणे असतात, तेथे मजकुराची भाषा 'मराठी' अशी निश्चित केली म्हणजे योग्य आकार उमटतो.

लिबरऑफिसमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. २०१० मध्ये ओपनऑफिस.ऑर्गपासून वेगळ्या झालेल्या या संचात रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट यांची नोंद स्वतंत्र असते. शैलीमध्ये एकाचा आकार वाढविला तरी दुसरा आहे तसाच राहतो. भाषेच्या विन्यासात जटिल लिपींचा पर्याय चालू करून तेथे मराठी निवडल्यावर हा गोंधळ मिटतो.

टर्मिनल : भीती आणि उपयोग

काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिणे हे लिनक्सचे आद्य लक्षण समजले जाते. रोजच्या कामासाठी आता त्याची गरज नाही. तरीही ते शिकावे. कारण एकच काम शंभर फाईलींवर करावयाचे असते तेव्हा माउस थकतो. नॅकच्या तयारीतले उदाहरण घेता येईल. एका निकषासाठी चाळीस प्रमाणपत्रांच्या पीडीएफ फाईली एकत्र करावयाच्या आहेत. संबंधित फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पीडीएफयुनाइट' ही आज्ञा, त्यापुढे मूळ फाईलींची नावे आणि शेवटी नव्या फाईलचे नाव लिहिले की काम काही सेकंदांत होते. सर्व नावांऐवजी तारांकित चिन्ह वापरता येते, पण मग फाईली वर्णानुक्रमे घेतल्या जातात आणि '१०' हा '२' च्या आधी येतो. म्हणून नावे '०१', '०२' अशी द्यावीत. अखेरचे नाव नव्या फाईलचे मानले जाते. ते लिहावयाचे राहिले तर शेवटची मूळ फाईलच नव्या मजकुराखाली गडप होण्याचा धोका असतो.

प्रत्येक आज्ञेची माहिती 'मॅन' या आज्ञेने तेथेच मिळते. टॅब कळ दाबल्यास अर्धवट लिहिलेले फाईलनाव पूर्ण होते आणि वर जाणारा बाण दाबल्यास मागील आज्ञा परत येते; एवढ्या दोन सवयींनी टर्मिनलची निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी भीती मात्र राखून ठेवावी. पुसण्याची आज्ञा फाईल कचरापेटीत टाकीत नाही, ती कायमची काढते. अर्थ न कळता कोठून तरी उचललेली आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवू नये.

विषयवार साधने व मर्यादा

भूगोलाच्या अध्यापकास क्यूजीआयएस, संख्याशास्त्र वापरणाऱ्यास आर आणि पीएसपीपी, गणित व भौतिकशास्त्रासाठी लॅटेक आणि ऑक्टेव्ह, संदर्भसूचीसाठी झोटेरो, ग्रंथालयासाठी कोहा अशी साधने उपलब्ध आहेत. यांपैकी बहुतेक विंडोजवरही चालतात. त्यामुळे कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी वर्षभर विंडोजवरच लिबरऑफिस आणि झोटेरो वापरणे हा स्थलांतराचा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग ठरतो; प्रणाली बदलते तेव्हा आज्ञावली ओळखीच्या असतात.

अडचणी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लेखा विभागातील आज्ञावली, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर चालणारी काही शासकीय कामे आणि मॅक्रोंनी भरलेली एक्सेल पत्रके लिनक्सवर जशीच्या तशी चालतील अशी हमी देता येत नाही. वर्डमधील दस्तऐवज लिबरऑफिसमध्ये उघडतो, पण पानांची विभागणी सरकू शकते. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल यांच्या मापाचे लिबरेशन टंक आणि कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो बसविल्यास हे सरकणे पुष्कळ कमी होते. स्वतःचे लेखन ओडीएफ या २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या स्वरूपात ठेवावे, पाठवावयाचे ते पीडीएफमध्ये पाठवावे आणि समोरच्याने त्यात बदल करावयाचे असतील तेव्हाच वर्डचे स्वरूप वापरावे.

शिकण्याची सामग्री

केरळने शालेय पातळीवर मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला, तेव्हा त्यामागे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मोठी यंत्रणा उभी होती. महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत तशी यंत्रणा नसली तरी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील लिनक्स, लिबरऑफिस, लॅटेक इत्यादींचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा असून पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष आज्ञावली ठेवून, पाठ थांबवीत थांबवीत कृती करण्याची पद्धत त्यात अवलंबिली आहे. केवळ पाहून पुढे गेल्यास फारसे हाती लागत नाही. विभागातील एखादे निवृत्तीस आलेले यंत्र या कामासाठी बाजूस ठेवावे, त्यावर लिनक्स बसवावे आणि प्रथम त्यावर एकच प्रत्यक्ष काम करावे, उदाहरणार्थ येत्या सत्रातील अंतर्गत परीक्षेची मराठी प्रश्नपत्रिका. तीत रफार असेल, ऱ्य असेल, एखादे कोष्टक असेल आणि शेवटी ती छापावीही लागेल.